परदेशात ट्रेनने फिरायचंय? मग सुटकेस केवढी घ्यायची ते आधी ठरवा

विमानाचं सोपं असतं, काउंटरवर बॅगेचं वजन झालं, टॅग लागला की आपलं काम संपलं, ती मग थेट उतरल्यावर पट्ट्यावरच भेटते. ट्रेनला तसं नाही. हॉटेलपासून स्टेशनपर्यंत बॅग तुम्हीच ओढणार, जिन्यावरून तुम्हीच नेणार, डब्याच्या पायऱ्या तुम्हीच चढवणार, रॅकवर तुम्हीच ठेवणार आणि उतरताना मागे दहा माणसं खोळंबलेली असताना तुम्हीच ती खाली काढणार. बहुतेक स्टेशनांवर हमाल मिळत नाही. त्यामुळे पहिल्यांदा जाणाऱ्या प्रत्येकाला माझं एकच सांगणं असतं, नियमात केवढी बॅग बसते हे नंतर बघा, आधी तुम्हाला एकट्याला, कोणाची मदत न घेता, केवढी उचलता येते ते बघा. साइझ तिथून ठरते.

ज्यांना सगळं वाचायला वेळ नाही त्यांच्यासाठी उत्तर आधीच देतो. मिडियम बॅग घ्या, चाकांसकट उंची ६५ ते ६८ सेंटिमीटर, भरल्यावर वजन १५-१६ किलोच्या आत. आठवडाभरासाठी जा नाहीतर तीन आठवड्यांसाठी जा, बॅग हीच. रोज किंवा दिवसाआड गाव बदलणार असाल तर याहूनही छोटी.

मी पहिल्या ट्रिपला ७८ सेंटिमीटरची मोठी बॅग नेली होती, भरून २३ किलो, कारण विमानात तेवढं चालत होतं. एका छोट्या स्टेशनवर गाडी बदलायची होती, हातात ९ मिनिटं. पुढची गाडी पलीकडच्या प्लॅटफॉर्मवर, मध्ये भुयारी रस्ता, दोन्हीकडे जिने आणि लिफ्ट बंद. जिना उतरून पलीकडचा अर्धा चढेपर्यंत गाडी सुटल्याचा आवाज आला. पुढची गाडी दोन तासांनी होती आणि त्याच्या पुढचं रिझर्वेशन वाया गेलं ते वेगळंच. आणि त्या बॅगेतलं निम्मं सामान मी तीन आठवड्यांत एकदाही बाहेर काढलं नव्हतं. तेव्हापासून मी प्रत्येकाला बॅग घेण्याआधी खालचं सगळं करायला लावतो.

पायरी १ : आधी प्रवास कागदावर लिहा, बॅगेचं दुकान नंतर

किती दिवस जाताय याने साइझ ठरत नाही, किती वेळा चढ-उतार आहे याने ठरते. म्हणून कागद घ्या आणि प्रत्येक टप्पा लिहा, हॉटेल ते स्टेशन कसं जाणार, गाडी कुठे बदलायची, मध्ये किती वेळ आहे, उतरल्यावर हॉटेल किती लांब आणि तिथे लिफ्ट आहे का. एकाच शहरात पाच दिवस राहून परत येणार असाल तर थोडी मोठी बॅग चालून जाते. पण दहा दिवसांत पाच शहरं असतील तर चढ-उतार मोजा, पंचवीस-तीसच्या पुढे सहज जातो आकडा.

काही ठिकाणं तर नकाशावर सोपी दिसतात पण बॅगेसकट सोपी नसतात. लंडनहून युरोस्टारने पॅरिसला आलात की उतरता गार दु नोरला, आणि दक्षिण फ्रान्सच्या बऱ्याचशा गाड्या सुटतात गार द लियोंवरून. आरईआर डी या लोकलच्या लाइनने फक्त दोन स्टेशनांचं अंतर आहे पण मध्ये जिने, तिकिटाची अरुंद गेटं आणि गर्दीची वेळ असेल तर उभं राहायला जागा नाही, तिथे मोठी बॅग घेऊन घुसणं म्हणजे तुम्हालाही त्रास आणि बाजूच्यालाही. व्हेनिसच्या सांता लुचिया स्टेशनबाहेर पडलात की समोर कालवाच. तिथे टॅक्सी म्हणजे बोट, आणि चालत जायचं तर पूल, प्रत्येक पुलाला दोन्हीकडे पायऱ्या. इटलीतल्याच चिंक्वे तेर्रे भागातलं कोर्निल्या गाव तर स्टेशनच्या वर टेकडीवर आहे, जिना चढायचा तर ३८० च्या आसपास पायऱ्या आहेत. अशी एखादी जागा तुमच्या यादीत असेल तर बॅग त्या जागेच्या हिशोबाने घ्या, बाकीच्या सोप्या जागांच्या हिशोबाने नको.

जपानमध्ये लिफ्ट बहुतेक मोठ्या स्टेशनांत असते हे खरं, पण ती एखाद्याच टोकाला असते आणि तुमचं एक्झिट दुसऱ्या टोकाला, त्यामुळे बॅग मोठी असेल तर प्रत्येक वेळी दहा मिनिटं जास्तीची धरा.

पायरी २ : साइझची भाषा समजून घ्या

दुकानात इंच सांगतात, रेल्वे कंपन्या सेंटिमीटर सांगतात आणि वेबसाइटवर लिटर लिहिलेलं असतं, त्यात नवा माणूस गोंधळतो. साधारण असं धरा. केबिन म्हणजे २० इंची बॅग, उंची ५५ सेंटिमीटर, मावतं ३५ ते ४० लिटर. मिडियम म्हणजे २४ इंची, ६५ ते ६८ सेंटिमीटर, ६० ते ७० लिटर. लार्ज म्हणजे २८ इंची, ७५ ते ७८ सेंटिमीटर, शंभर लिटरच्या आगेमागे.

यात एक मेख आहे. लेबलवर जे इंच असतात ते बऱ्याचदा फक्त बॅगेच्या खोक्याचे असतात, चाकं आणि वरचं हँडल धरलेलं नसतं, आणि नियम मात्र चाकांसकट माप धरतो. म्हणून दुकानात टेप घेऊन जा, बॅग उभी करा, जमिनीपासून वरच्या हँडलपर्यंत मोजा, मग रुंदी, मग जाडी, आणि जाडी मोजताना पुढचे खिसे फुगतील तेही धरा. एक्स्पांड करायची झिप असेल तर ती उघडूनही मोजा कारण परतीच्या वेळी ती उघडणारच आहे.

तिन्ही मापांची बेरीज करून लिहून ठेवा. हा बेरजेचा आकडा पुढे फार कामाला येतो. मिडियम बॅग ६८ अधिक ४५ अधिक २७ म्हणजे १४० होते. लार्ज ७८ अधिक ५२ अधिक ३१, झाली १६१. विमानात चेक-इन बॅगेसाठी बऱ्याच कंपन्या बेरीज १५८ पर्यंत धरतात, म्हणजे बाजारातल्या कितीतरी लार्ज बॅगा नीट मोजल्या तर तिथेच काठावर असतात.

पायरी ३ : जिथे जाताय तिथला नियम बघा, सगळीकडे सारखा नाही

युरोस्टारला साध्या क्लासमध्ये दोन बॅगा आणि एक हँडबॅग चालते, बॅगेची लांबी ८५ सेंटिमीटरच्या आत हवी, वजनाची मर्यादा नाही, फक्त तुम्हाला उचलता आली पाहिजे. ब्रिटनच्या गाड्यांत दोन मोठे नग, प्रत्येकी ३० बाय ७० बाय ९० सेंटिमीटरपर्यंत, शिवाय एक हातातलं. फ्रान्सच्या टीजीव्ही इनुई या हाय-स्पीड गाडीत दोन बॅगा, ७० बाय ९० बाय ५० च्या आत, आणि एक छोटी ४० बाय ३० बाय १५ ची, आणि २०२४ च्या सप्टेंबरपासून हे कडक केलंय, नियमाबाहेर गेलात तर ५० युरो दंड होऊ शकतो. बॅगेवर नावाचं लेबलही लागतं तिथे, ते विसरू नका.

हे आकडे बघून वाटेल की अरे, लार्ज बॅग तर आरामात बसतेय. बसते. नियमात बसते. रॅकवर जागा मिळेलच असं कोणी लिहून देत नाही, आणि फरक तिथेच आहे. डब्याच्या दाराजवळ मोठ्या बॅगांचा रॅक असतो, त्यात पहिल्या स्टेशनवरच्या लोकांच्या बॅगा आधीच लागलेल्या असतात. तुम्ही मधल्या स्टेशनवर चढलात की खालचा कप्पा भरलेला आणि वरचा छातीच्या उंचीवर. २३ किलो छातीपर्यंत उचलून आत ढकलायचे, तेही गाडी हलत असताना.

फ्रान्समध्येच विगो नावाची स्वस्त गाडी आहे, तीही टीजीव्हीच, पण तिथे तिकिटात फक्त ५५ बाय ३५ बाय २५ ची एक केबिन बॅग आणि एक छोटी हँडबॅग धरलेली असते, मोठी न्यायची तर वेगळे पैसे. स्पेनमध्ये रेन्फे या रेल्वे कंपनीच्या हाय-स्पीड गाड्यांना सगळं मिळून २५ किलोपर्यंत सामान चालतं आणि गाडीत चढण्याआधी बॅग एक्स-रे मशीनमधून जाते, पण तिथलीच स्वस्तातली आव्लो घेतलीत की परत केबिन साइझवर यावं लागतं. थोडक्यात तिकीट स्वस्त दिसलं की सामानाची ओळ आधी वाचायची. एका ट्रिपमध्ये सहा गाड्या असतील आणि त्यातली एकच अशी असेल तर बॅग त्या एकीच्या मापाने घ्या, किंवा त्या एकीचं तिकीट बदला.

जपानचं जरा सविस्तर सांगतो कारण सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात. तोकाइदो, सान्यो, क्यूशू आणि निशी क्यूशू या शिंकान्सेनच्या, म्हणजे जपानी बुलेट ट्रेनच्या मार्गांवर, म्हणजे टोकियो, क्योतो, ओसाका, हिरोशिमा, हाकाता हे सगळं ज्यात येतं, तिथे सामानाचा नियम आहे, तो पहिल्यांदा आला २०२० च्या मे महिन्यात. तिन्ही बाजूंची बेरीज १६० सेंटिमीटरपर्यंत असेल तर काहीही करायला नको, बॅग डोक्यावरच्या रॅकवर ठेवा. १६० च्या वर आणि २५० च्या आत असेल तर मोठ्या सामानाच्या जागेसकट सीट रिझर्व्ह करावी लागते, त्याला जास्तीचे पैसे नाहीत. न करता तशी बॅग घेऊन चढलात तर १००० येन भरावे लागतात. २५० च्या वर असेल तर गाडीत घेतच नाहीत. ही सामानाची जागा म्हणजे डब्यातल्या शेवटच्या रांगेच्या मागची मोकळी जागा, तेवढ्याच सीट्स असतात त्यामुळे लवकर संपतात.

आता वरची बेरीज आठवा. मिडियम १४०, म्हणजे निवांत. लार्ज १६१, म्हणजे एका सेंटिमीटरने रिझर्वेशन लागणाऱ्यांत. म्हणूनच मी टेपने मोजायला सांगत होतो.

चीनमध्ये मोठ्या माणसाला २० किलोपर्यंत सामान आणि बेरीज १६० च्या आत, पण बुलेट ट्रेनला तीच बेरीज १३० आहे, म्हणजे कागदावर मिडियमसुद्धा बसत नाही, केबिन साइझ बसते. चीनची ट्रिप मुख्यतः बुलेट ट्रेनचीच असेल तर केबिन बॅग आणि पाठीवर सॅक हेच बरं. अमेरिकेत ॲमट्रॅक या रेल्वे कंपनीचा नियम सढळ आहे, डब्यात दोन बॅगा, २८ बाय २२ बाय १४ इंच, प्रत्येकी ५० पौंड म्हणजे २३ किलोच्या आसपास, शिवाय दोन छोट्या, आणि काही गाड्यांना विमानासारखी चेक-इनची सोयही आहे.

नियम बदलतात, तेव्हा तिकीट काढायच्या दिवशी त्या त्या कंपनीच्या साइटवर एकदा बघूनच घ्या.

पायरी ४ : घरीच उचलून बघा

हे सगळ्यात महत्त्वाचं आणि हेच कोणी करत नाही. दुकानात रिकामी बॅग दोन बोटांवर फिरते, सगळ्यांना आवडते, घेऊन येतात. पण स्टेशनवर काय होतं ते लक्षात घ्या. युरोपात बऱ्याच प्लॅटफॉर्मची उंची ५५ किंवा ७६ सेंटिमीटर असते आणि कितीतरी गाड्यांची फरशी मीटरच्या वर, मधलं अंतर दोन-तीन अरुंद, चढ्या पायऱ्यांचं. शिंकान्सेनला प्लॅटफॉर्म आणि डबा एका पातळीत, तिथे बॅग सरळ आत सरकते, पण तिथे वेळ कमी, मधल्या स्टेशनवर गाडी मिनिट-दीड मिनिट थांबते आणि ठरलेल्या सेकंदाला दार लागतं. दुमजली गाडी मिळाली आणि सीट वरच्या मजल्यावर आली तर आतही एक गोल वळणाचा जिना, ज्यात मोठी बॅग आडवी अडकते.

म्हणून बॅगेत पुस्तकं भरा, १५ किलो करा, आणि तीन गोष्टी करा. एक, एका हाताने उचलून जिन्याच्या एका मजल्याच्या पायऱ्या न थांबता चढा. दोन, बॅग उचलून छातीच्या उंचीच्या फळीवर किंवा कपाटावर ठेवा आणि परत खाली काढा, खाली काढणं जास्त अवघड असतं. तीन, हे सगळं पाठीवर भरलेली सॅक अडकवून परत करा, कारण तिथे ती असणारच. श्वास लागला, मध्ये टेकवावी लागली, पाठीत कळ आली तर दोन किलो कमी करा आणि परत करा. जिथे त्रास न होता जमतं ते तुमचं वजन. आणि त्या वजनाला जी साइझ पुरते ती तुमची साइझ.

पाठीचा किंवा गुडघ्याचा त्रास असेल, वय झालं असेल तर १० किलो आणि केबिन साइझ, त्यात कमीपणा काही नाही. बरोबरचा माणूस उचलेल असं धरून चालू नका, त्याच्याही हातात बॅग आहेच. फॅमिलीने जाताना एक मोठी बॅग सगळ्यांची मिळून घ्यायचा मोह होतो, तसं करू नका, दोन मिडियम आणि एक केबिन घ्या. एक ५ किलोची छोटी बॅग दहा वर्षांचं मूलही ओढतं, २५ किलोची एक बॅग मात्र कोणा एकाच्याच गळ्यात पडते.

रिकाम्या बॅगेचं वजनही बघा, मिडियम बॅग रिकामी साधारण साडेतीन-चार किलोची असते, अडीच-तीनची मिळाली तर तो एक किलो तुमचा फायदा.

पायरी ५ : चाकं आणि कवच

चार चाकांची बॅग गुळगुळीत फरशीवर बाजूने ढकलत नेता येते, अरुंद डब्यातल्या मधल्या वाटेवर हे फार सोयीचं. पण दगडी रस्त्यावर, रोम, प्राग, लिस्बन सगळीकडे जुन्या भागात दगड बसवलेले आहेत, तिथे ती छोटी चाकं अडकतात, थरथरतात, कधी तुटतात. दोन मोठ्या चाकांची बॅग मागे ओढायला दगडांवर बरी. आणि चार चाकांची बॅग डब्यात उभी ठेवली की ब्रेक लागला, वळण आलं की एकटीच चालायला लागते, ती नेहमी आडवी ठेवायची किंवा पायाने अडवायची.

कडक कवचाची की कापडी, यावर लोक खूप भांडतात. ट्रेनसाठी माझं मत कापडीच्या बाजूने. कडक बॅग पुस्तकासारखी दोन्हीकडे उघडते, म्हणजे जमिनीवर दुप्पट जागा हवी, आणि रात्रीच्या गाडीच्या झोपायच्या डब्यात किंवा छोट्या हॉटेलरूममध्ये ती जागाच नसते. कापडी बॅग वरून उघडते, पुढच्या खिशातून जॅकेट काढता येतं, रॅकवर थोडी दाबून बसवता येते. पावसाचं म्हणाल तर आत कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, झालं. नाजूक सामान असेल तरच कडक घ्या.

आणि बाजूचं हँडल बघा. वरचं ओढायचं हँडल सगळे बघतात, पण पायऱ्या चढवताना आणि रॅकवर ठेवताना हात जातो बाजूच्या हँडलला. ते नसेल किंवा तकलादू असेल तर बॅग कितीही सुंदर असो, सोडून द्या.

पायरी ६ : मिडियममध्ये बसवायचं कसं

पाच-सहा दिवसांचे कपडे, बास. बहुतेक शहरांत कॉइन लाँड्री असते, जपानमधल्या कितीतरी हॉटेलांत मशीन खालीच असतं, दोन तासांत धुऊन वाळून हातात. बुटांचे दोन जोड, त्यातला जाड पायात. जाड जॅकेट अंगावर. हवा काढायच्या पिशव्या थंडीच्या कपड्यांना चांगल्या, पण त्या जागा वाचवतात, वजन नाही, उलट रिकामी जागा दिसली की माणूस आणखी भरतो आणि बॅग १९ किलोवर जाते. भरून झाल्यावर एक चतुर्थांश जागा रिकामी राहिली पाहिजे. परतीची खरेदी त्यात, किंवा घडी होणारी एक हलकी पिशवी तळाला टाकून ठेवा.

पासपोर्ट, पैसे, औषधं, चार्जर, तिकिटं हे पाठीवरच्या सॅकमध्ये, मोठ्या बॅगेत कधीही नाही. बॅग रॅकवर तुमच्या नजरेआड असणार आहे.

पायरी ७ : तरीही मोठीच न्यावी लागली तर

लहान बाळ आहे, शिकायला वर्षभरासाठी चाललाय, थंडीचे दिवस आहेत, कारणं असतात. मग बॅग आणि तुम्ही वेगळे प्रवास करा. जपानमध्ये तक्क्युबिन नावाची सेवा आहे, हॉटेलच्या रिसेप्शनवर बॅग द्यायची, फॉर्म भरायचा, ती साधारण दुसऱ्या दिवशी पुढच्या हॉटेलला पोचते, तुम्ही एका रात्रीचे कपडे सॅकमध्ये घेऊन मोकळे. स्वित्झर्लंडमध्ये रेल्वेच स्टेशनवरून स्टेशनला बॅग पोचवते, २५ किलोपर्यंत. दुसरा उपाय म्हणजे एक शहर मुक्कामाचं धरा, मोठी बॅग तिथे हॉटेलात ठेवा आणि बाजूची गावं छोट्या बॅगेवर करा. स्टेशनवरच्या लॉकरच्या भरवशावर मात्र मोठी बॅग नेऊ नका, मोठे लॉकर मोजके असतात आणि सकाळीच भरतात. मिडियमला जागा मिळण्याची शक्यता बरीच जास्त.

गाडीच्या दिवशी डबा कुठे येणार ते प्लॅटफॉर्मवरच्या तक्त्यावर किंवा स्क्रीनवर बघून तिथेच उभे राहा, चुकीच्या डब्यात चढून आतून बॅग ओढत सहा डबे पार करणं हे सगळ्यात वाईट. सीट निवडता येत असेल तर रॅक दिसेल अशी घ्या. पाठीला पाठ लावलेल्या सीट्सच्या मध्ये खाली त्रिकोणी जागा असते, मिडियम बॅग बऱ्याच गाड्यांत तिथे आडवी सरकते, ते आधी बघा, मग रॅककडे जा. आणि उतरायच्या दहा मिनिटं आधी उठा, बॅग काढा, दाराशी जाऊन उभे राहा, ओढायचं हँडल आत ढकललेलं आणि हात बाजूच्या हँडलवर, म्हणजे दार उघडलं की एका दमात खाली.